चादरीचा प्रसंग कोणी काढला?

७ जानेवारी

प्रिय खडू,

हे नाव आता तुला शोभत नाही म्हणतेस, पण माझ्या जिन्याच्या भिंतीवर तू लहानपणी मारलेल्या खडूच्या रेघा अजून आहेत, आणि त्या आहेत तोवर मी हेच लिहिणार.

आधी बातमी. विणकामाचं मासिक बंद झालं. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच ओळखलं की हे काहीतरी वाईट ऐकवणार. म्हणाले, "बाई, तुम्हाला घरी पाठवत नाही. आपलं ते ॲनिमेचं, जपानी धाटणीच्या चित्रमालिकांचं, मासिक आहे ना, त्याचा संपादक सोडून गेलाय. ते तुम्ही घ्या. चार अंक देतो. तेवढ्यात वाचक परत आले नाहीत तर तेही बंद." मी म्हटलं, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही." तर म्हणतात, "आधीच्याला सगळं कळत होतं. काय उपयोग झाला?"

गेल्या वर्षाचे सगळे अंक घरी आणून वाचले. पात्रांच्या राशी. नायकाचा आवडता रंग. आवाज देणाऱ्या कलाकारांच्या मुलाखती, त्यात प्रत्येकाला काम करताना फार मजा आलेली. मधोमध घडीचं पोस्टर. मला जांभया आल्या, पण मला येणारच. वाचकांना का यायला लागल्या, ते मला शोधायचंय. विणकामाच्या मासिकात मी पहिल्याच वर्षी एक शिकले होते: वाचणाऱ्या बाईला स्वेटर घालून उभी राहिलेली सुंदर मुलगी नको असते, टाके किती घालायचे ते हवं असतं. तसे तुमच्यातले टाके कोणते? तू पाच वर्षं त्या स्टुडिओत चित्रं काढतेस, तूच सांग. फेब्रुवारीच्या अंकात मी एक उत्तराचं कार्ड शिवून पाठवणार आहे. त्यावर काय विचारू?

एकोणीस वर्षं मी एक मासिक चालवलं आणि ते माझ्या हातात मेलं. दुसरं मरू देणार नाही, एवढं ठरवलंय.

तुझी आत्या

१६ जानेवारी

संपादकबाईंच्या सेवेशी खडूचं निवेदन,

तुमचं पत्र मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की तिची रेघ हलली आणि पान नव्याने काढावं लागलं. त्याचं पाप तुमच्या माथी.

आता नीट ऐक. ॲनिमेला कार्टून म्हणू नकोस, वाचक तुला सोलून काढतील. राशी काढून टाक. नायक कोणाशी लग्न करणार हा वादही नको, तो त्यांचा ते घालतात. गोष्ट तर त्यांना तुझ्याआधी पाठ असते. माझ्या ओळखीचे जे वेडे आहेत, त्यांना ते काम कसं झालं हे हवं असतं. आमचं काम कसं चालतं ते तुला मी शंभरदा सांगितलंय आणि तू शंभरदा "वा" म्हणालीस, म्हणून परत सांगते. मुख्य चित्रकार हालचालीतली महत्त्वाची तेवढी चित्रं काढतो: हात खाली, हात अर्धा वर, हात डोक्याशी. त्यांना कीफ्रेम म्हणतात. त्यांच्यामधली सगळी चित्रं मी आणि माझ्यासारख्या अकरा जणी काढतो, म्हणजे हात खरोखर वर जातो. कीफ्रेमला आम्ही हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम आणि शेवटचाही. चुकलेली दिसली तरी नाही. डोकं त्यांचं, मनगट आमचं.

तर कार्डावर "तुम्हाला काय आवडतं" असं विचारू नकोस, लोक शाळेतल्यासारखं उत्तर देतात. विचार की कोणता प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिलात, आणि त्यातलं काय तुम्हाला कळलं नाही.

मी बरी आहे. मनगटही बरं आहे.

खडू

२१ फेब्रुवारी

प्रिय खडू,

तुझा प्रश्न रामबाण निघाला. तीनशे चाळीस कार्डं आली. मी ती जेवणाच्या टेबलावर ढीग करून लावली, एकेका प्रसंगाचा एकेक ढीग, वर रबरबँड. चार दिवस मी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून जेवतेय.

मला वाटलं होतं, मारामाऱ्यांचा ढीग सगळ्यात उंच होईल. तो दुसरा आला. सगळ्यात उंच ढीग, एकशे अठरा कार्डांचा, कशाचा असेल? तुमच्याच मालिकेचा सातवा भाग. एक म्हातारी गच्चीवर चादरीची घडी घालते. अकरा सेकंदं. तिचं गोष्टीत पुढे काही कामसुद्धा नाही म्हणे. एका बस कंडक्टरने लिहिलंय, "मी मारामाऱ्यांसाठी बघतो. पण हा प्रसंग चाळीस वेळा पाहिला, आणि का पाहतो ते कळत नाही. कोणी काढलाय?" दातांच्या दवाखान्यात मदतनीस असलेली एक बाई म्हणते की पेशंट नसला की ती हाच लावते. आणि नववीतल्या एका मुलीने लिहिलंय, "मला मोठेपणी हे करायचं आहे. पण हे नेमकं कोणाचं काम ते कुठेच लिहिलेलं नाही."

खडू, हेच ते टाके. एकशे अठरा माणसांचा एकच प्रश्न आहे, कोणी काढलं, आणि वर्षभर आम्ही त्यांना राशी सांगत बसलो होतो. मार्चच्या अंकात तीन पानं या एका उत्तराला देणार. तुझ्याच स्टुडिओतला माणूस आहे, तेव्हा नाव लगेच कळव. कोण आहे? कुठे बसतो? चहाला तुमच्याबरोबर येतो का? मला सगळं हवंय.

तुझी आत्या

२८ फेब्रुवारी

आत्या,

घाईत आहे, थोडक्यात लिहिते. त्या प्रसंगात एवढं काही नाही. नवव्या भागातली छपरावरची मारामारी जास्त अवघड होती, तिच्यावर पानं दे. चादरीचं छापायचंच असेल तर भागाच्या शेवटी नामावली येते, त्यात मुख्य चित्रकारांचं नाव आहे, ते छाप. नियमाने ते त्यांचंच काम आहे. मधली चित्रं काढणाऱ्यांची नावं नसतात, नुसतं "सहकार्य" असं येतं, त्यामुळे तिथे शोधत बसू नकोस.

साहेबांना, म्हणजे त्या मुख्य चित्रकारांना, प्रश्न पाठवलेस तर ते फार काही लिहिणार नाहीत. त्यांचा स्वभाव तसा आहे. जास्त खोदू नकोस.

खडू

२६ मार्च

खडू,

आज "प्रिय" लिहायला हात धजत नाही. तुझ्यावर रागावले म्हणून नव्हे, मलाच माझी लाज वाटतेय.

तू सांगितलंस तसं छापलं. तीन पानं, मुख्य चित्रकारांचा फोटो, त्यांचं नाव ठळक टायपात. त्यांना बारा प्रश्न पाठवले होते, उत्तर दोन ओळींचं आलं: "प्रेमाबद्दल वाचकांचे आभार. तब्येत बरी नसल्याने जास्त लिहीत नाही." मालक खूश होते. अंक गेला, आणि आठव्या दिवसापासून कार्डांनी मला धुऊन काढलं.

कंडक्टर लिहितो, "संपादकबाई, या चित्रकारांचा मी जुना भक्त आहे. ते हात काढतात तेव्हा चार बोटं एकत्र असतात, हातमोजा घातल्यासारखी. या प्रसंगात प्रत्येक बोट आपापलं काम करतंय. हा त्यांचा हात नाही." नववीतल्या मुलीने दोन्ही हात शेजारी शेजारी गिरवून पाठवलेत, बाण काढून. आणि दवाखान्यातली मदतनीस एकच ओळ लिहिते: "तुम्ही हा प्रसंग पाहिला तरी आहे का?"

नव्हता पाहिला. कार्डांवर वाचून मी त्यावर तीन पानं लिहिली. त्याहून वाईट हे की तुझ्या मालिकेचा एकही भाग मी आजवर पाहिला नव्हता. तू कामाबद्दल सांगायला लागलीस की मी "वा, छान" म्हणायचे आणि जेवलीस का ते विचारायचे. तू कधी बोलली नाहीस, पण तुला ते कळत असणारच.

मग आमच्याकडे मांडणी करणारे गृहस्थ आहेत, त्यांना म्हटलं, लावा तो सातवा भाग. दुपारचे तीन वाजले होते, ऑफिसात सगळ्यांची टायपिंगची खडखड चालू होती. म्हातारी गच्चीवर येते. दोरीवरून चादर काढते, दोघांच्या पलंगाची मोठी चादर. दोन कोपरे धरते आणि चादरीची दुसरी बाजू पुढे करते, समोर कोणीतरी धरणार असल्यासारखी. समोर कोणी नसतं. ती एवढंसं थांबते. मग ती बाजू ओढून हनुवटीखाली दाबते आणि एकटीच घडी घालते.

मांडणीवाले म्हणाले, "पुन्हा लावू?" मी मान हलवली. त्यांनी सहा वेळा लावला.

खडू, ती मी आहे. तुझे काका गेले त्या वर्षी तू माझ्याकडे राहायला होतीस, नऊ वर्षांची. हनुवटीचं मला ठाऊक आहे, अजूनही तशीच घालते. पण मी चादर अशी पुढे करायचे, हे मला माहीत नव्हतं. त्या वर्षी मी सगळ्यांना सांगत होते की मी ठीक आहे, आणि मला वाटत होतं की सगळ्यांना ते पटलंय. तू पायरीवर बसून खडूने काहीतरी गिरवत असायचीस. तू बघत होतीस हे आज अठरा वर्षांनी कळलं, आणि मला इतकं रडू आलं की मांडणीवाले उठून बाहेर गेले.

त्या साहेबांनी हे काढलेलं नाही. ते माझ्या गच्चीवर कधी आलेले नाहीत. आता सरळ सांग.

आत्या

२ एप्रिल

आत्या,

हो. मी काढलं.

सांगते, म्हणजे का लपवलं ते कळेल. साहेब तापाने घरी होते आणि भाग तिसऱ्या दिवशी पाठवायचा होता. चादरीच्या प्रसंगाच्या पाच कीफ्रेम ते आधी काढून गेले होते. त्यांच्यात म्हातारी दोन्ही हात फाकवून चादर धरते आणि टाळी वाजवल्यासारखी मिटते. झाली घडी. अगं, एवढी मोठी चादर तशी मिटत नाही, कोपरे जमिनीवर लोळतात. आणि नवऱ्यामागे एकटी राहिलेली बाई, तिला त्या घडीत कुठेच काही अडत नाही? मी पान लाइट बॉक्सवर, खालून दिवा असलेल्या काचेवर, ठेवलं, पेन्सिल उचलली, आणि माझा हात चालेना. पुढे मधलं काय काढायचं तेच कळेना, कारण त्या दोन चित्रांच्या मध्ये काहीच नव्हतं.

म्हणून मी मधल्या दोन कीफ्रेम काढून ठेवल्या आणि साहेबांच्या रेघेची नक्कल करून माझ्या दोन घातल्या. मधली चित्रंही वाढवली, सगळी मिळून चौसष्ट झाली. पर्यवेक्षकबाईंनी तपासली आणि म्हणाल्या, "तापात काढलंय, पण मन लावून काढलंय." मी मान खाली घालून बसले होते.

नियम मूर्खपणाचा नाही. प्रत्येक जण आपल्या मनाने कीफ्रेम बदलायला लागला तर बारा जणींच्या हातून बारा वेगवेगळ्या म्हाताऱ्या निघतील. म्हणूनच तो मोडणाऱ्याला कुठलाही स्टुडिओ ठेवत नाही. आणि मला या कामाशिवाय दुसरं काही करायचं नाही, कधीच नव्हतं. म्हणून विनवते, नाव छापू नकोस. तुझे मार्चचे अंक इथे आलेत. सगळे साहेबांचं अभिनंदन करतायत, ते "हं" म्हणतात, आणि मी पेन्सिलीला टोक काढत बसते. आधी वाटलं होतं, मला त्याचं काही वाटणार नाही. वाटतं.

आणि तुला न विचारता मी तुला काढलं. त्याची माफी मागावी की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

खडू

७ एप्रिल

प्रिय खडू,

मागू नकोस. ठरवायचं काम संपलं.

तुझ्या परवानगीशिवाय तुझं नाव माझ्या मासिकात येणार नाही. माझा शब्द आहे. पण खोटं नावही तिथे राहणार नाही. एप्रिलच्या अंकात, पहिल्याच पानावर, चौकटीत हे जाईल: "मागच्या अंकात चादरीच्या प्रसंगाचं श्रेय आम्ही चुकीच्या व्यक्तीला दिलं. तो प्रसंग न पाहता संपादकांनी लेख लिहिला, ही त्याहून मोठी चूक. वाचकांनी ती हात ओळखून पकडली. प्रसंग खरा कोणी काढला ते आता आम्हाला ठाऊक आहे. ते सांगायचं की नाही, हे ज्याचं काम आहे त्याने ठरवायचं."

मालकांनी हे वाचून कपाळाला हात लावला. "बाई, कोणी लक्षात ठेवत नाही हो. पुढचा अंक मारामारीवर काढा, लोक विसरतील." मी म्हटलं, ज्यांनी बोटं मोजली ते विसरणारे लोक नव्हेत, आणि मला असेच वाचक हवेत. ते म्हणाले, मासिकाची अब्रू जाईल. मी म्हटलं, चौकट जाईल नाहीतर मी जाईन. एकोणीस वर्षांत मी त्यांना असं पहिल्यांदा बोलले. त्यांनी चहा संपवला. चौकट छपाईला गेली आहे.

तुला मी काही सांगणार नाही. पोट तुझं, पेन्सिल तुझी. नाही म्हणालीस तरी तू माझी खडूच, आणि मी तोंडाला कुलूप लावून बसेन. फक्त एवढं सांगते की मी आता पहिल्यापासून सगळे भाग बघतेय. रोज संध्याकाळी एक. तिसऱ्या भागातलं मांजर तुझं आहे का?

तुझी आत्या

४ मे

प्रिय आत्या,

मांजर माझं आहे. कसं ओळखलंस?

तुझी चौकट इथे बॉम्बसारखी पडली. जेवणाच्या सुट्टीत अंक या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, जो तो दुसऱ्याचे हात बघत होता. तिसऱ्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. हातात पाकीट. म्हणाले, "तुझ्या दोन, माझ्या दोन. माझ्या मला तुझ्या खणात सापडल्या होत्या, ताप उतरून आलो त्याच दिवशी."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"बघताक्षणीच. आधी राग आला. मग तुझं चित्र पुन्हा पाहिलं आणि गप्प बसलो. माझं नाव राहिलं, तुझी नोकरी राहिली, म्हटलं चाललंय ते बरंय. मासिकवाल्यांना दोन ओळी लिहिल्या तेव्हा मात्र ते खोटं खुपलं."

मी विचारलं, "साहेब, तुम्ही ती घडी तशी का काढलीत?"

त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मी कधी चादरीची घडी घातलेली नाही. घरी घडी घातलेली मिळते."

मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. त्यांनी खरं सांगितलं, आणि मला माझंच सांगता येत नव्हतं. त्याच दुपारी मी पर्यवेक्षकबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "चित्र चांगलं आहे म्हणून नियम लहान होत नाही. तू येऊन मला विचारलं असतंस तर मी साहेबांच्या घरी फोन केला असता. तू विचारलंसच नाहीस." खरं आहे. मला ते सुचलंच नव्हतं. हाताखालच्या माणसाने विचारायचं असतं, हेच मला पाच वर्षांत कोणी शिकवलं नाही आणि मीही शिकले नाही. या महिन्याच्या अखेरीस माझं टेबल रिकामं होईल.

तेव्हा आता छाप. पण माझ्या अटी आहेत. एक म्हणजे मला बिचारी करू नकोस आणि झाशीची राणीही करू नकोस. मी नियम मोडला, न विचारता मोडला, हे स्पष्ट लिही. दुसरं, शब्द कमी घाल. चौसष्टच्या चौसष्ट चित्रं भागातून घेऊन क्रमाने छाप, लहान लहान, आणि साहेबांच्या मूळ दोन शेजारी ठेव. ती त्यांनी स्वतः दिलीत, पाकीट सोबत आहे. त्यांचं म्हणणं, "लोकांना फरक दिसू दे. मलाही दिसला." वाचकांना काय हवंय ते त्यांनीच कार्डावर लिहिलंय. त्यांना ते दाखव.

आणि माझं नाव पूर्ण छाप. खडू नको.

खडू

२७ मे

प्रिय खडू,

अंक सोबत आहे. पान अकरा आणि बारा. नाव मी स्वतः तीनदा तपासलं आणि मांडणीवाल्यांकडून चौथ्यांदा तपासून घेतलं. तुझ्या अटींबाहेर मी एकच ओळ घातली आहे: "यातली म्हातारी संपादकांची नातेवाईक आहे." ते खरंच आहे, मी माझी नातेवाईक आहेच.

प्रूफ बघून मालक म्हणाले, "राशी नाहीत, मारामारी नाही, पोस्टरसुद्धा नाही. दोन पानं भरून चादर." मी म्हटलं, पोस्टर कसं नाही, चौसष्ट आहेत की. ते हसले नाहीत, पण त्यांनी ते पान खाली ठेवलं नाही. हाताने हवेत चादर धरून घडी घालून बघत होते. मी बघतेय हे कळल्यावर थांबले.

हा माझा चौथा अंक. कार्डांचं टपाल आता शिपाई पिशवीतून आणतो. नववीतल्या मुलीने चौसष्ट चित्रं कापून त्यांची वही शिवलीय, भरभर पानं सोडली की म्हातारी घडी घालते, असं कळवते. कंडक्टरने लिहिलंय, "धन्यवाद. आता नाव कळलं, पुढच्या कामाकडे लक्ष ठेवीन." दवाखान्यातल्या बाईने मला माफ केलेलं नाही, फक्त पुढल्या वर्षाची वर्गणी भरलीय. मासिक बंद करायची गोष्ट मालकांनी पुन्हा काढली नाही, आणि मीही त्यांना आठवण करून देत नाही.

आता माझं ऐक. तुझं टेबल रिकामं होतंय, इथे एक खुर्ची रिकामी आहे. लेख लिही, लोकांना हे सगळं समजावून सांग. मी मालकांना विचारून ठेवलंय. तू जवळ असलीस तर मला बरं वाटेल, हेही लपवत नाही.

तुझी आत्या

११ जून

प्रिय आत्या,

खुर्चीबद्दल मनापासून आभार, पण येत नाही. लिहिण्याने माझा हात भरत नाही. मला काढायचंय. रुसू नकोस.

तीन स्टुडिओंनी दारातूनच परत पाठवलं. दोघांनी अंक वाचला होता, तिसऱ्याने ऐकलं होतं. पहिल्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी रडायचा कंटाळा आला, तिसऱ्या दिवशी नुसती चालत घरी आले. चौथ्या ठिकाणी काल गेले. लहान जागा आहे, एका गोदामाच्या वर, लांबट खोली, भिंतीला टेबलं लावलेली. तिथल्या प्रमुख बाईंच्या पुढ्यात तुझा अंक उघडाच होता, पान अकरा. मला म्हणाल्या, "ही तूच?"

"हो."

"इथेही नियम तोच आहे."

"माहीत आहे. या वेळी हात वर करून विचारेन. ऐकलं नाहीत तर परत विचारेन. पण पान बदलणार नाही."

त्यांनी माझ्यासमोर एका माणसाच्या कीफ्रेम टाकल्या, बुटाची लेस बांधतानाच्या. मी बराच वेळ बघितल्या आणि म्हटलं, "हा दुसऱ्या बुटाला गाठ मारतोय, पण पहिल्याची कधी मारली?" त्या उठून आतल्या खोलीत गेल्या, मुख्य चित्रकाराला घेऊन आल्या, आणि तेच मला त्याच्यासमोर पुन्हा सांगायला लावलं. तो ऐकत होता, मग डोकं खाजवत पान घेऊन गेला. बाई म्हणाल्या, सोमवारी ये.

मी उठले आणि परत बसले. म्हटलं, माझीही एक विचारणा आहे, विचारायचंच असं आता ठरवलंय. भागाच्या शेवटी आमची नावं येतील का? त्या म्हणाल्या, मधल्या चित्रांना "सहकार्य" लिहितात, सगळीकडे तसंच आहे. शेवटच्या पट्टीला जागा नसते, सगळ्यांची नावं घातली तरी ती चार सेकंदांत निघून जातात. "चार सेकंदांत कोण काय वाचणार, सांग मला?"

मी म्हटलं, "बाई, ते थांबवून वाचतात."

त्यांनी तुझ्या अंकाकडे पाहिलं, मग खोलीकडे पाहिलं. तिथे नऊ मुली माना खाली घालून काढत होत्या, पण एकीचीही पेन्सिल चालत नव्हती. बाईंनी एक कोरा कागद ओढला आणि पहिल्या टेबलापासून एकेकीला नाव विचारत लिहायला लागल्या, मधलं नाव, आडनाव, सगळं. नऊ झाली तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि दहावं मी सांगितलं.

तुझी खडू